देवीची खपली आणि प्रतिकारशक्तीचा हिशेब

तुमच्या घरात किंवा शाळेत पन्नाशी बरीच ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांचा हात जरा निरखून पाहा. दंडावर किंवा कोपराच्या खाली एक-दोन गोल, किंचित खोलगट व्रण दिसण्याची शक्यता आहे. 'लहानपणी देवी काढल्या होत्या' असं ते सांगतील. वर्गातल्या मुलांच्या हातावर हा व्रण सापडणार नाही. त्यांच्या डाव्या दंडावर असतो तो क्षयाच्या बीसीजी लशीचा, आणि तो लहान असतो. देवीचा रोगच जगातून नाहीसा झाला, म्हणून देवी काढणंही थांबलं. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

हा व्रण म्हणजे एका लांबच्या प्रवासाची शेवटची खूण आहे. या प्रवासातल्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी काही चीनमध्ये, तिथल्या पारंपरिक वैद्यांच्या ग्रंथांत सापडतात. तो प्रवास आज पुन्हा पाहण्याचं कारण मात्र आपल्या अगदी जवळचं आहे. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनच्या बाहेर पडून कोणत्याही औषधाच्या दुकानात डोकावलं, तर 'इम्युनिटी' हा शब्द छापलेल्या डब्या आणि बाटल्या दिसतात. काढे, गोळ्या, चहाच्या पुड्या, वाळवलेल्या अळिंब्यांची पूड. एखाद्या डबीवर 'हजारो वर्षांची चिनी परंपरा' असतं, तर दुसरीवर आपल्या ऋषिमुनींचं नाव. २०२० साली कोविडच्या साथीत तर सोसायट्या-सोसायट्यांतून अशा काढ्यांचं आणि गोळ्यांचं वाटप झालं. 'सर, याने खरंच प्रतिकारशक्ती वाढते का?' असा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा काय सांगायचं?

नुसतं 'हो' म्हणणं जितकं सोपं, तितकंच 'ही सगळी अंधश्रद्धा' म्हणणंही सोपं आहे. आम्हाला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पारंपरिक चिनी वैद्यकाने शरीराच्या प्रतिकारक्षमतेचा खरोखर, यशस्वी उपयोग करून दाखवला, असं एक उदाहरण इतिहासात आहे. ते कसं घडलं आणि ते खरं आहे हे कळलं कसं, एवढं पाहिलं तरी डबीवरच्या दाव्याला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप सुचतं.

एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही

देवी हा भयंकर रोग होता. मोठ्या प्रकारची देवी झालेल्या शंभरांपैकी साधारण तीस माणसं दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, काहींचे डोळे जात. पण या रोगाची एक गोष्ट सगळ्याच देशांतल्या लोकांच्या लक्षात आली होती. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हा येत नाहीत. त्यामुळे रोग्याच्या शुश्रूषेला वण असलेली माणसं बसवत.

या निरीक्षणाने चीनमध्ये एकदा राजगादीचा प्रश्नही सोडवला. १६६१ साली शुन्झी हा सम्राट देवीने वारला. मागे राहिलेल्या मुलांपैकी गादीवर कोणाला बसवायचं हे ठरवताना, ज्या मुलाला देवी येऊन गेल्या आहेत तो जगण्याची शक्यता जास्त, असाही विचार झाला. तो मुलगा म्हणजे सम्राट खांग्शी. त्याने एकसष्ट वर्षं राज्य केलं. पुढे त्याने आपल्या मुलांना देवी टोचणारे वैद्य दक्षिणेतल्या ज्यांग्शी प्रांतातून राजवाड्यात बोलावून घेतले.

राजवाड्याने स्वीकारली ती पद्धत त्या भागात त्याआधीपासून चालत आली होती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वान छ्युआन या वैद्याच्या लिखाणात तिचा उल्लेख येतो. त्याहून कितीतरी आधी, अकराव्या शतकाच्या आसपास, एका पहाडावरून उतरलेल्या साधूने ही विद्या दिली अशी दंतकथाही आहे. पण तिच्या काळातला पुरावा सापडत नाही, त्यामुळे तिला दंतकथाच म्हटलेलं बरं.

नाकात फुंकलेली पूड

पद्धत अशी होती. सौम्य देवी आलेल्या मुलाच्या अंगावरच्या खपल्या गोळा करायच्या. त्या वाटून पूड करायची आणि चांदीच्या बारीक नळीतून निरोगी मुलाच्या नाकपुडीत फुंकायची. किंवा पूड पाण्यात कालवायची, त्यात कापसाचा बोळा भिजवायचा आणि तो नाकात ठेवायचा. १७४२ साली राजाज्ञेने तयार झालेल्या वैद्यकाच्या मोठ्या संग्रहग्रंथात अशा चार पद्धती दिल्या आहेत. रोग्याचा सदरा दुसऱ्या मुलाला घालणं ही त्यांपैकी एक. पाण्यात कालवलेल्या पुडीची पद्धत सर्वांत चांगली, असा त्या ग्रंथाचा निर्वाळा आहे. काही दिवसांनी मुलाला ताप येई, थोडे फोड उठत, आणि मग तो कायमचा मोकळा होई.

यातला खरा कळीचा भाग फुंकण्यात नव्हता. खपली साठवण्यात होता. ताजी खपली वापरली तर रोग जोरात येतो, हे या वैद्यांना अनुभवाने कळलं होतं. म्हणून ते खपल्या बंद करून काही आठवडे ठेवत. कधी कुपी अंगाशी बाळगून तिला शरीराची ऊब देत. शिवाय टोचलेल्या मुलाची खपली दुसऱ्याला, त्याची तिसऱ्याला असं करत, सौम्य ठरलेलं 'बियाणं' ते निवडून पुढे चालवत. शेतकरी जसं पिढ्यान्‌पिढ्या बियाणं निवडतो तसंच हे.

आता या मागची त्यांची उपपत्ती पाहा. प्रत्येक मूल आईच्या पोटातून एक विष घेऊन जन्माला येतं, ते आज ना उद्या उसळतं आणि देवीच्या रूपाने बाहेर पडतं, असं ते मानत. ते विष आपण सोयीच्या वेळी, थोड्या प्रमाणात बाहेर काढलं की झालं! मराठीत आपण 'देवी काढणं' म्हणतो, त्याची इथे आठवण होते. ही उपपत्ती साफ चुकीची होती. देवी हा बाहेरून येणाऱ्या विषाणूचा रोग आहे. पोटातल्या विषाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही पद्धत मात्र उपयोगी ठरली.

असं कसं? कारण पद्धत टिकली ती उपपत्तीच्या बळावर नाही. टोचलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे पाहिलं जात होतं. झांग यान या वैद्याने १७४१ साली लिहिलं आहे की, आपण आठ-नऊ हजार मुलांना टोचलं आणि त्यांतली वीस-तीसच वाचवता आली नाहीत. म्हणजे हजारी तीन-चार. नैसर्गिक देवीत हजारी तीनशे जात, हे शेजारी ठेवून पाहा. आपल्या हातून गेलेल्यांचा आकडाही हा वैद्य लिहून ठेवतो, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

आपोआप बरं होण्याची अडचण

इथे थोडं थांबून एका कोड्याचा विचार करू. देवीच्या शंभर रोग्यांपैकी तीस जात, म्हणजे सत्तर वाचत. कोणतंही औषध न देता वाचत. मग समजा, एका वैद्याने शंभरही रोग्यांना कडुलिंबाचं पाणी दिलं, दुसऱ्याने मोत्याचं भस्म दिलं, तिसऱ्याने नुसता अंगारा लावला. तिघांकडेही सत्तर-सत्तर माणसं 'तुमच्या औषधाने वाचलो' असं सांगणारी निघतील, आणि ती खोटं बोलत नसतील.

शरीराची स्वतःला बरं करण्याची ताकद खरी आहे. जखम भरते, मोडलेलं हाड सांधतं, सर्दी आठवड्यात जाते. पण ही ताकद खरी असल्यामुळेच औषधाची परीक्षा अवघड होते. बरं झालेल्या माणसाचा अनुभव खरा असतो. त्याने काढलेला निष्कर्ष खरा असेलच असं नाही. ज्यांनी औषध घेतलं नाही त्यांचं काय झालं, हे कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

देवीच्या बाबतीत हा हिशेब त्यामानाने सोपा होता. रोग चटकन ओळखू येई, बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी गाठी आणि एकदाच होई. झांग यानच्या काळात त्यामुळेच नुसत्या बोटांवरच्या मोजणीने खरं-खोटं दिसलं. पण त्याच वैद्यांच्या त्याच ग्रंथांत ताप, खोकला, अशक्तपणा यांवरची हजारो पाठं आहेत. हे आजार येतात आणि जातात. तिथे असा हिशेब मांडता आला नाही. त्यामुळे उपयोगी आणि निरुपयोगी पाठं शेजारी-शेजारी, सारख्याच आदराने जपली गेली.

बंगालपासून बोस्टनपर्यंत

टोचण्याची विद्या फक्त चीनची नव्हती. आपल्याकडे बंगालमध्ये 'टिकादार' गावोगाव हिंडून देवी टोचत. जे. झेड. हॉलवेल या इंग्रजाने १७६७ साली त्याचं तपशीलवार वर्णन छापलं. ते हातावर बारीक ओरखडे काढून, आदल्या वर्षीच्या फोडांतल्या द्रवाने भिजवून ठेवलेला कापूस त्यावर बांधत. खाण्यापिण्याचं पथ्य असे. इथेही जुनं, साठवलेलं द्रव्यच वापरलं जाई हे लक्षात घ्या. तुर्कस्तानात आणि आफ्रिकेतही ही पद्धत होती. चीनमधली बातमी लंडनच्या रॉयल सोसायटीला १७०० साली एका व्यापाऱ्याच्या पत्रातून कळली होती, पण तेव्हा कुणी ती फारशी मनावर घेतली नाही.

अमेरिकेत बोस्टन शहरात १७२१ साली देवीची मोठी साथ आली. ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने आपल्या मालकाला, कॉटन मेथर या धर्मोपदेशकाला, आपल्या देशातल्या टोचण्याबद्दल पूर्वीच सांगितलं होतं. मेथरच्या आग्रहावरून बॉइलस्टन या डॉक्टरने सुमारे २४० जणांना टोचलं. त्यांतले ६ मेले. टोचून न घेता रोग झालेल्या ५,८८९ जणांपैकी ८४४ मेले. म्हणजे एकीकडे शेकडा अडीच, दुसरीकडे शेकडा चौदा.

झांग यानच्या हिशेबाहून हा हिशेब एक पाऊल पुढचा आहे. त्याच शहरातली, त्याच साथीतली न टोचलेली माणसंही इथे मोजली आहेत. पण एक शंका राहतेच. टोचून घेणारे लोक मुळातच जास्त धडधाकट किंवा खात्यापित्या घरचे असले तर? ही शंका तुमच्या वर्गातलं एखादं मूल काढेल, तेव्हा त्याला जरूर शाबासकी द्या.

या पद्धतीत धोकाही होता. टोचलेल्याला होणारा रोग सौम्य असला तरी ती खरी देवीच असे. त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण होऊन शेजारी मरू शकत असे.

मुंबई, जून १८०२

हा धोका एडवर्ड जेन्नरने टाळला. १४ मे १७९६ रोजी त्याने माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीतलं द्रव्य जेम्स फिप्स या मुलाला टोचलं. गाईची देवी माणसाला फारसा त्रास देत नाही, पण पुढे माणसाच्या देवीपासून वाचवते. हे काम त्याने १७९८ साली छापलं आणि चार वर्षांत लस आपल्या दारात आली.

तेव्हा शीतपेटी नव्हती. व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने, असा लशीचा प्रवास झाला. वाटेत एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जिवंत ठेवली गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात लस घेतलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या हातावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना, आणि तिथून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद अशी ही साखळी पसरली.

लोकांनी ती सहज स्वीकारली असं मात्र नाही. परक्या मुलाच्या अंगातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार, यात विटाळाचा प्रश्न होता. देवीचा कोप होईल ही भीती होती. शिवाय दंडावरून दंडावर टोचताना एकाचे दुसरे रोगही पसरत, ही भीती तर खरीच होती. १८७७ साली मुंबई शहरात लस सक्तीची करणारा कायदा झाला. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार करायला सुरुवात झाल्यावर दंडावरून दंडावर टोचणं बंद पडत गेलं. बेळगावात टिळकवाडीला आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, ती याच कामाची आठवण.

कल्याण जंक्शन आणि प्लेगची लस

जुनी खपली सौम्य का होते, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिळू लागलं. फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या पटकीचे जिवाणू वाढवत होता. १८७९-८० मध्ये त्याला दिसलं की, बरेच दिवस तसेच राहून गेलेले जिवाणू टोचले तर कोंबड्या मरत नाहीत, आणि पुढे ताजे जिवाणू टोचले तरी तगतात. ठेवल्याने रोगजंतू दुबळे होतात, पण शरीराला ओळख पटवून देण्यापुरते ते शिल्लक असतात. चिनी वैद्यांच्या कुपीत काय घडत असावं, याचा अर्थ इथे लागतो. खपल्यांतले बरेचसे विषाणू उबेने आणि काळाने निकामी होत आणि थोडेच जिवंत उरत. नाक ही तर देवीच्या नैसर्गिक लागणीचीच वाट. त्यामुळे चिनी पद्धतीत साठवणीला जास्तच महत्त्व होतं. कातडीवर ओरखडा काढण्याच्या पद्धतीत मुळात वाटच वेगळी असल्याने रोग सौम्य येई.

पाश्चरच्या संस्थेत काम केलेला वाल्देमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आला. त्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला होता आणि माणसं मुंबई सोडून पळत होती. रेल्वेने निघालेल्यांची वाट कल्याणवरून जाई. कल्याणला एक फाटा नाशिककडे जातो, एक पुण्याकडे. त्यामुळे साथीच्या काळात तिथे उतारूंना गाडीतून उतरवून तपासलं जाई आणि संशयितांना अडकवून ठेवलं जाई. रोज त्याच फलाटावर गाडी बदलणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हाफकिनने उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जिवाणूंची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी साधारण निम्म्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि ६ मेले. घेतलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणी नाही. दोन्ही गटांचं अन्न, पाणी, भिंती सारख्या होत्या. म्हणजे बोस्टनची शंका थोडी कमी झाली. पुरती गेली नाही, कारण लस घ्यायची की नाही हे कैद्यांनीच ठरवलं होतं.

पुढचं पाऊल १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात पडलं. तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. आता श्रीमंत-गरीब, जात, अन्न, घरातले उंदीर, सगळं दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखं झालं. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, आणि ते किती काळ टिकतं हाही प्रश्न होता. पण तिचा फायदा होतो का, या प्रश्नाला आता सरळ उत्तर होतं.

झांग यानने आपल्या हातची माणसं मोजली. बॉइलस्टनने दुसऱ्या बाजूचीही मोजली. हाफकिनने दोन्ही बाजू सारख्या करून मोजल्या. आजच्या औषधचाचण्यांत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात आणि कोणाला खरं औषध मिळालं हे डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

'शक्ती' की ओळख?

या इतिहासातून आणखी एक गोष्ट दिसते. खपलीच्या पुडीने मुलाची 'शक्ती' वाढत नव्हती. तो देवीपासून वाचे, पण गोवर, पटकी, हिवताप त्याला पूर्वीसारखेच होत. त्याला मिळे ती एका विशिष्ट शत्रूची ओळख. आपल्या रक्तात निरनिराळ्या आकारांची ओळख पटवणाऱ्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात. एखादा रोगजंतू शिरला की त्याच्याशी जुळणाऱ्या मूठभर पेशी भराभर वाढतात, त्याला चिकटणारी प्रतिपिंडं तयार करतात, आणि काम संपल्यावर त्यांतल्या काही आठवण म्हणून मागे राहतात. लस ही आठवण आजाराशिवाय तयार करून देते.

'प्रतिकारशक्ती' हा मराठी शब्द त्यामुळे थोडा फसवा आहे. शक्ती म्हटलं की जितकी जास्त तितकी चांगली, असं वाटतं. प्रत्यक्षात या यंत्रणेला आवर असणं तितकंच आवश्यक असतं. दमा, अ‍ॅलर्जी, संधिवाताचे काही प्रकार यांत ही यंत्रणा नको तिथे किंवा नको तितकी काम करत असते. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी अनेकांनी गुळवेल घ्यायला सुरुवात केली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि शरीराची यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हं दिसत होती. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा आणखी रुग्णांची नोंद केली. हजारोंनी घेतली आणि त्यांतल्या थोड्यांनाच त्रास झाला हेही खरं. पण 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य हिशेबाशिवाय म्हणता येत नाही, एवढं यातून नक्की कळतं. १९९३ साली बेल्जियममध्ये हेच दिसलं होतं. वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका वनस्पतीऐवजी दुसरीच आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली.

जुन्या ग्रंथाचं काय करायचं?

मग जुने ग्रंथ फेकून द्यायचे का? मुळीच नाही. खाडीकाठच्या ठाणे जिल्ह्याला हिवताप नवा नाही. त्याच्या जीवघेण्या प्रकारावर आज जे औषध आपल्या सरकारी दवाखान्यांतून दिलं जातं, त्याचं मूळ एका चिनी ग्रंथात आहे. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने तापावर 'छिंगहाव' ही वनस्पती सांगितली होती. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची आणि रस प्यायचा. १९६७ साली चीन सरकारने हिवतापावरचं औषध शोधण्याची मोहीम काढली. १९६९ साली तीत आलेल्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून सुमारे दोन हजार पाठं गोळा केली. त्यांतल्या निवडक वनस्पतींचे अर्क उंदरांवर तपासले. बहुतेक निकामी ठरले. छिंगहावचा अर्कसुद्धा कधी काम करी, कधी नाही. तेव्हा गे हाँगचं पाठ पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आलं की त्यात उकळायला सांगितलेलंच नाही. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावं असा तर्क करून त्यांनी ३५ अंशांनाच उकळणारं ईथर वापरलं. १९७१ च्या ऑक्टोबरात त्या अर्काने उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे सगळे परजीवी मेले. पुढच्या वर्षी रुग्णांना देण्याआधी त्यांनी तो अर्क स्वतः घेतला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

छिंगहावमधलं आर्टेमिसिनिन प्रतिकारशक्ती वाढवत नाही. ते सरळ परजीवींना मारतं. आणि परजीवींनी त्याला सरावू नये म्हणून ते आज दुसऱ्या औषधाबरोबरच देतात. या शोधात परंपरेचा वाटा मोठा आहे, पण तो ठिकाण दाखवण्याचा. तिथे खणून सोनं आहे की माती, हे उंदरांनी, मोजणीने आणि फसलेल्या शेकडो अर्कांनी ठरवलं.

वर्गात काय करता येईल?

बोस्टन, भायखळा आणि उंढेरा इथले आकडे फळ्यावर लिहा. सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारी काढू द्या. कोणता पुरावा सर्वांत भक्कम आणि का, यावर त्यांना वाद घालू द्या. झांग यानचा आकडा सर्वांत आकर्षक आहे, तरी तो एकटा पुरेसा का नाही, हेही विचारा. मग मुलांना घरातली किंवा दुकानातली 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' एखादी डबी पाहून तिच्यावरचा मजकूर उतरवून आणायला सांगा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू नेमक्या कोणत्या रोगापासून वाचवते? ती न घेतलेल्यांचं काय झालं, हे कुणी मोजलं आहे का? आणि जिला अपाय झाला अशा माणसांची नोंद कुणी ठेवली आहे का?

डबी चिनी असो, आयुर्वेदिक असो की परदेशी कंपनीची असो, प्रश्न हेच. आमच्या प्रयोगशाळेतल्या कामालाही हेच प्रश्न लागू होतात. तिसरा प्रश्न बहुतेक मुलं विसरतील, कारण जाहिरातीत त्याचं उत्तर कधीच नसतं. तेव्हा त्यांना झांग यानच्या त्या वीस-तीस मुलांची आठवण करून द्या. त्यांची नोंद ठेवली गेली, म्हणूनच बाकीच्या हजारोंबद्दलच्या त्याच्या शब्दाला आज वजन आहे.